काचेच्या खोलीतल्या कांबळे सिस्टर

कांबळे सिस्टर माणसाच्या तोंडाकडं आधी बघायच्याच नाहीत. हाताकडं बघायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभा राहिलो तेव्हा अंगात नवा शर्ट होता, खिशाला दोन पेनं होती आणि तोंडावर नोकरीच्या पहिल्या दिवसाचं हसू होतं. यातलं त्यांनी काही बघितलं नाही. माझा उजवा हात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि करंगळीवर थांबल्या. करंगळीचं नख मी हौसेनं वाढवलं होतं. त्या वेळी आमच्या गावाकडची निम्मी पोरं वाढवायची, का ते विचारू नका. सिस्टरांनी खिशातून नेलकटर काढलं, नख उडवलं आणि मगच विचारलं, "कोण पावणं? कुठनं आलासा?"

मी म्हटलं, लॅबमध्ये नवीन टेक्निशियन लागलोय, नमुने घ्यायला आलोय.

"मग आधी हात धू," त्या म्हणाल्या. पावण्याचा मान तेवढाच टिकला.

आमचा दवाखाना एका ट्रस्टचा. कोल्हापुरात, शिवाजी पेठेच्या एका बोळात, तालमीच्या मागं. पेठेतल्या टीमनं फुटबॉलची मॅच मारली की फटाके आमच्या खिडकीखाली वाजायचे आणि सगळी बाळं एकदम दचकायची. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या टोकाला काचेची खोली होती. ज्या बाळांना अजून महिना-दोन महिने आईच्या पोटात राहायचं होतं पण जी घाई करून बाहेर आली, ती तिथं ठेवायची. सव्वा किलो, दीड किलो. माझ्या मामाकडची कोंबडी याच्यापेक्षा जास्त भरायची. दर सोमवारी मी तिथं जाऊन नळाचे, ट्रेचे, लोकांच्या हातांचे नमुने कापसाच्या काडीवर घ्यायचो, काचेच्या प्लेटवर फिरवायचो आणि दोन दिवस उबेत ठेवायचो. जंतू असले तर बुधवारपर्यंत प्लेटवर ठिपके यायचे.

सिस्टरांचा सगळा जीव त्या खोलीत होता. कळंब्याकडं दोन खोल्यांत त्या एकट्याच राहायच्या, पण ते घर म्हणजे नुसतं झोपायला. त्यांचं एक म्हणणं होतं, ते त्या नव्या नर्सला, डॉक्टरला, झाडूवाल्या मावशीला, सगळ्यांना एकाच सुरात ऐकवायच्या: "येताना घेऊन आलं ते त्याचं. हितं आल्यावर लागलं ते आपलं." म्हणजे बाळ जन्मतःच जे दुखणं घेऊन आलं त्याला आपण काय करणार, पण खोलीत आल्यावर जे त्याला लागलं ते आपल्या हातानं लागलं. आणि हातानं म्हणजे खरोखरच हातानं. दहा बोटांनी.

ट्रस्टकडं पैसा म्हणाल तर नव्हताच. मोठ्या दवाखान्यात कोपरानं बंद होणारे नळ असतात, आमच्यात साधा पितळी. हात धुवून झाले की त्याच हातानं परत नळाची मळकी चावी पिरगाळायची, म्हणजे धुतलेलं पाण्यात. सिस्टरांनी पेठेतल्या एका सायकलवाल्याला धरून आणलं आणि नळाला जुन्या ब्रेकची लांब दांडी जोडून घेतली. कोपरानं ढकलली की बंद. साबणाची अख्खी वडी त्या कधी ठेवायच्या नाहीत. सुरीनं खोबऱ्यासारखे काप करायच्या आणि भोकाच्या परडीत ठेवायच्या, पाणी निथळून जायला. "साबण भिजत पडला की जंतूंची चाळ हुती त्यात," म्हणायच्या. "भाडं बी देत न्हाईत."

नातेवाइकांशी रोजचं भांडण. बाळाची आजी यायची कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरून, आणि बाळंतीण लेकीच्या बांगड्या उतरवायच्या म्हटलं की तिच्या डोळ्यात पाणी. सिस्टर कधी बांगडी उतरवा म्हणाल्या नाहीत. गॉजपट्टीनं बांगड्या वर दंडाला बांधून टाकायच्या. "सवाष्णपण वर राहू दे, हात तेवढा मोकळा पायजे." एकदा एका आजीबाईंनी सिस्टरांच्या छातीवरची नावाची पट्टी वाचायला लावली, आडनाव ऐकलं आणि बाळ पदराखाली घेतलं. मी शेजारी होतो, मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. सिस्टरांचा आवाज चढलाच नाही. म्हणाल्या, "आधी हात धुवून या, मग माझी जात विचारा." आजीबाई धुवून आल्या. विचारायचं राहून गेलं.

चेअरमनचीही तीच गत. कुणाच्या तरी वाढदिवसाला ते हार, फोटोग्राफर आणि पाच-सहा माणसं घेऊन काचेच्या खोलीच्या दारात आले. सिस्टरांनी दारात हात आडवा लावला. बाहेर चेअरमन तुम्ही, आत ही बाळं चेअरमन, एवढंच म्हणाल्या. फोटो काचेच्या अलीकडूनच निघाला. त्यात सिस्टरांचा आडवा हात आलाय आणि चेअरमनचं निम्मं तोंड. आम्ही तो फोटो बघून वर्षभर हसलो. चेअरमन मात्र हसले नव्हते, हे पुढं कळलं.

मला नकला करायची खोड शाळेपासूनची. हेडमास्तर, एसटीचा कंडक्टर, कुणालाही सोडलं नाही. दवाखान्यात लागून महिना झाला नसेल, मी लॅबच्या बाहेर चार पोरं जमवून कांबळे सिस्टरांचं हात धुणं करून दाखवत होतो. मान वाकडी, ओठ मिटलेले, कपाळाला आठी. पोरं हसता हसता एकदम गप्प झाली तेव्हाच कळलं, मागं कोण उभं आहे.

सिस्टरांनी सगळं बघितलं होतं. म्हणाल्या, "साबण मी कोपरापातुर न्हेत्ये. तू मनगटालाच थांबलास. सोंग करायचं तर नीट कर की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांनी मला बाळंतिणींच्या व्हरांड्यात उभं केलं. समोर सगळ्या आज्या, मावश्या, आत्या. मला म्हणाल्या, दाखव यांना, माणसं कशी हात धुत्यात. मी दाखवलं. आजी कशी दोन बोटं पाण्यात बुडवते, जावईबापू घड्याळ भिजू नये म्हणून हात कसा लांब धरतात, मोठे डॉक्टर बोलता बोलता कसे विसरतात. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटी कांबळे सिस्टर, कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखं तळहातावर घासून. त्याला कुणी हसायचं नाही, सगळ्या नीट बघायच्या. मग रोज दहाचा खेळ ठरून गेला. मला त्या 'सोंगाड्या' म्हणायच्या, आणि खरं सांगतो, पुढं मला पगारवाढीचं पत्र आलं तेव्हा जेवढं बरं वाटलं नाही तेवढं ती हाक ऐकून वाटायचं. आता ती हाक मारणारं कुणी उरलं नाही. मीच कधीतरी त्यांच्या आवाजात स्वतःला मारून बघतो. आवाज जमतो. बाकीचं जमत नाही.

शतक बदलायच्या आधीचा एक उन्हाळा. काचेच्या खोलीतलं एक बाळ दूध प्यायचं थांबलं. अंग गार, पोट फुगलेलं. दोन दिवसांनी दुसरं. आमचे बाळांचे डॉक्टर देसाई, शांत माणूस, पण त्या आठवड्यात त्यांचाही आवाज बसला होता. मी बाळांच्या रक्ताचे नमुने लावले. सगळ्यांत एकच जंतू. म्हणजे तो खोलीतच कुठंतरी बसला होता आणि एका बाळाकडून दुसऱ्याकडं जात होता. औषधांना तो फारसा दाद देत नव्हता.

त्यात शिरोळकडची जुळी होती. दोन्ही मुलगे. आई सुनंदा, विशीतली पोर, जैनाच्या घरची, ऊसवाली माणसं. तिचा बाप वारलेला, म्हणून तिचा अज्जा, आजोबा, सोबतीला आला होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात पिशवी. तो दिवसभर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायचा आणि आमचा दहाचा खेळ सगळ्यात पुढं बसून बघायचा. जुळ्यातलं धाकटं गुरुवारी गेलं. अज्जा पिशवीतून आपलंच एक मऊ कापड काढून त्यात त्याला गुंडाळून घेऊन गेला. संध्याकाळी परत येऊन त्याच भिंतीला टेकला, कारण थोरलं अजून आत होतं.

सिस्टरांनी घरी जायचं सोडलं. मी खोलीतल्या सगळ्याचे नमुने घेतले. नळ, वजनकाटा, ऑक्सिजनची बाटली, परडी, प्रत्येकाचे धुतलेले हात. प्लेटा कोऱ्या. सिस्टर रोज लॅबच्या दारात उभ्या राहायच्या, मी मान हलवायचो, त्या निघून जायच्या. आपल्या हातानं लागलंय हे त्यांना माहीत होतं. कुठल्या हातानं, ते कळत नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला खेळ करायची माझी अजिबात इच्छा नव्हती. सिस्टर म्हणाल्या, नव्या बाळंतिणी आल्यात, कर. मी केला. आजी केली, बोटं झाडली आणि वळून टॉवेलला पुसली. जावई केला, वळून टॉवेलला पुसले. डॉक्टर केले, वळलो, पुसले. नर्स केली, वळलो. कांबळे सिस्टर केल्या, कोपरापर्यंत, बेचक्या, नखं, सगळं, आणि वळलो. टॉवेल नव्हताच तिथं, मी हवेतच पुसत होतो. पण माझे हात दर वेळी त्याच जागी जात होते. पाच माणसं, पाच तऱ्हेचं धुणं, आणि पुसायला एकच खिळा. मी मध्येच थांबलो. बायकांना वाटलं, विसरला.

त्या टॉवेलची गोष्ट सगळ्या दवाखान्याला ठाऊक होती. ट्रस्ट वर्षाला दोन टॉवेल द्यायचं, तेही गोणपाटासारखे. म्हणून सिस्टर रोज घरून स्वतःचा आणायच्या. रात्री उकळत्या पाण्यात टाकलेला, पहाटे इस्त्री केलेला, कोपऱ्यात लाल दोऱ्याचं फूल काढलेला. सकाळी आल्या की नळाशेजारच्या खिळ्याला लावायच्या आणि एकदा हात फिरवून सुरकुती काढायच्या. इतका स्वच्छ टॉवेल की मी त्याचा नमुना घ्यायचा म्हणजे त्यांच्या घरावर पोलीस नेल्यासारखं झालं असतं. दोन वर्षांत मला ते कधी सुचलंच नव्हतं. कुणालाच नव्हतं.

सोमवारी मी सिस्टरांना न सांगता दोन नमुने घेतले. एक सकाळी त्यांनी लावल्या लावल्या, एक दुपारी एकला. दुपारी तो ओलाकच्च होता. बुधवारी सकाळची प्लेट कोरी आणि दुपारची गच्च भरलेली, तोच जंतू.

सिस्टर दारात आल्या. या वेळी मी मान हलवली नाही, प्लेटा पुढं केल्या. कशाच्या, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी दोन्ही प्लेटा उजेडाला धरल्या, बराच वेळ.

"म्हंजे घरनं कोराच आणत हुते," त्या म्हणाल्या.

मी घाईनं म्हणालो, सिस्टर, यात तुमची चूक नाही, चाळीस हात पुसले जातात त्याला, कुणीतरी नीट धुतलं नसेल, ओल्यात जंतू वाढतातच. मला आयुष्यात पहिल्यांदा एकही विनोद सापडत नव्हता.

"खिळा कुणी ठोकला?" त्यांनी विचारलं. उत्तर त्यांना नकोच होतं. प्लेटा ठेवल्या आणि गेल्या.

मी मागोमाग गेलो. त्यांनी आधी टॉवेल काढून बादलीत टाकला, मग खिळा उपटला. आतल्या दोघी नर्सना सांगितलं, आजपासून हात धुवून वर धरायचे, वाऱ्यावर वाळेपर्यंत बाळाला हात लावायचा नाही. आणि मग व्हरांड्यात आल्या. अज्जा भिंतीला टेकून बसला होता, सुनंदा शेजारी. सिस्टर खाली फरशीवर बसल्या. मी त्यांना कधी खाली बसलेलं बघितलं नव्हतं. मला वाटलं, धीर द्यायला बसल्या.

"अज्जा," त्या म्हणाल्या, "तुमचं धाकटं लेकरू गेलं न्हवं, ते माझ्या टॉवेलानं गेलं. आज कळलं. तुमाला दुसऱ्याकडनं कळाय नको म्हणून सांगत्ये."

सुनंदा त्यांच्याकडं बघत राहिली. तिला काय समजलं, किती समजलं, मला सांगता येणार नाही. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. अज्जानं टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली. मी दोन पावलं पुढं झालो, म्हातारा हात उचलेल असं वाटलं म्हणून. उचलला असता तर सिस्टर हलल्या नसत्या, हेही वाटलं.

"थोरल्याला काय लागंल, अक्का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

सिस्टरांनी त्याच्या अंगाकडं बघितलं. "धोतर," त्या म्हणाल्या. "जुनं, मऊ झालेलं. गावात असतील तेवढी. एकदा हात पुसला की तुकडा धुवायला टाकायचा, परत त्याला कुणी शिवायचं न्हाय. तेवढं कापड न्हाय माझ्याकडं."

अज्जा त्याच दुपारच्या एसटीनं गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं घेऊन आला. बांधावरच्या चार घरांत फिरून त्यानं म्हाताऱ्यांची धोतरं गोळा केली होती. एक त्याच्या वारलेल्या भावाचं होतं. व्हरांड्यात बाळंतिणींनी मांड्या घालून त्याचे रुमालाएवढे चौकोन फाडले. सुनंदा आधी हात लावेना, मग तिनंही फाडायला घेतलं, आणि सगळ्यात सरळ तिचे फाटायचे. तुकडे उकळून, ड्रममध्ये वाफ देऊन दोन पत्र्याच्या डब्यांत ठेवले. एक कोऱ्यांचा, एक वापरलेल्यांचा. बातमी पेठेत गेली तेव्हा तालमीतल्या एका वस्तादानं लंगोटाचं कापड पाठवलं. सिस्टरांनी ते चौदा वेळा उकळायला लावलं, पण घेतलं.

त्यानंतर नवीन बाळ आजारी पडलं नाही. जी आजारी होती त्यातलं एक गेलं, बाकीची उठली. थोरलं जुळंही उठलं.

मग रिपोर्टचा प्रश्न आला. ट्रस्टला लेखी हवं होतं. चेअरमनचा निरोप मला लॅबमध्ये आला, कारण सापडलं नाही असं लिहा, दवाखान्याचं नाव जातं. देसाई डॉक्टर म्हणाले, तू खरं लिही, मी सही करतो, पण सिस्टरांना विचार. मी विचारायच्या आधीच त्या येऊन माझ्या स्टुलावर बसल्या.

"लिही," म्हणाल्या. "टॉवेल. कुणाचा ते बी लिही."

मी म्हटलं, सिस्टर, ते याचीच वाट बघतायत, तुम्हाला काचेच्या खोलीतनं काढतील.

"काढूदेत. न्हाय लिहिलंस तर माझ्यामागनं येणारी बाई परत खिळा ठोकंल."

मी लिहिलं. त्यांनी समोर बसून वाचून घेतलं. एका ठिकाणी मी 'सामायिक कापड' असं गुळमुळीत लिहिलं होतं, ते खोडून घेतलं. दोन आठवड्यांत ऑर्डर निघाली. ट्रस्टचा शिरोळकडं एक लहान दवाखाना होता, ताप-खोकला, इंजेक्शन, गुरुवारी बाजाराची गर्दी. बाळंतपण तिथं होत नव्हतं. बावीस वर्षं ज्या बाईनं दीड किलोची बाळं तळहातावर तोलली तिला तिथं केसपेपर लिहायला बसवलं.

जायच्या दिवशी त्या साध्या साडीत आल्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या, बाहेरच्या कपड्यांत आहे. काचेतूनच बघितलं. मी आतून थोरल्या जुळ्याच्या वजनाची पाटी काचेला लावली, दोन किलोच्या वर. त्यांनी मान डोलावली आणि आतल्या नव्या सिस्टरच्या हातांकडं बघत बसल्या. एसटीची वेळ झाल्यावर निघाल्या. मी त्यांच्याच आवाजात म्हणालो, "हात धुवून जावा." हसल्या. मला वाटतं हसल्या.

त्या बुधवारी दुपारी लॅबचा फोन वाजला. शिरोळहून सिस्टर. कसा आहेस, काय चाललंय, काही नाही.

"उगवलं काय?"

शेतावर मोलमजुरी करणाऱ्या घरातल्या त्या, प्लेटवर जंतू येणं म्हणजे त्यांच्या लेखी उगवणंच. मी म्हटलं, न्हाय सिस्टर, कोरं हाय. "बरं," म्हणाल्या आणि ठेवला.

मग दर बुधवारी मीच लावायला लागलो. तिकडं कंपाउंडर उचलायचा, त्याला माझा आवाज पाठ झाला होता, तो लगेच हाक मारायचा, बाई, कोल्हापूर. दोन शब्द त्यांचे, तीन माझे. एका पावसाळ्यात कृष्णेला पूर आला आणि लाइन दहा दिवस बंद होती, तेव्हा मी कार्ड टाकलं. त्यावर एवढंच, कोरं आहे. पत्ता मजकुरापेक्षा मोठा होता. एकदाच ठिपके आले. एका शिकाऊ नर्सनं वापरलेला तुकडा परत उचलला होता. त्या दिवशी सिस्टरांनी अर्धा तास फोन सोडला नाही. डबे कुठं ठेवलेत, झाकणं कुठल्या बाजूला उघडतात, कोरा डबा डाव्या हाताला का उजव्या, सगळं विचारलं आणि झाकणांना दोन रंग द्यायला लावले. फोन ठेवताना मला एकदम जाणवलं की आज त्या खूश होत्या. खोलीत होत्या त्या, अर्धा तास.

माझं लग्न झालं, मुलगी झाली, ती वेळेवर आणि तीन किलोची झाली हेही मी बुधवारीच सांगितलं. भेटायला ये म्हणाल्या. जातो जातो म्हणून राहिलं. शिरोळ काय लांब आहे? तासा-सव्वातासाचा रस्ता. दर बुधवारी फोनवर आहेत म्हणून माणूस तिथंच राहणार असं वाटतं.

एका बुधवारी प्लेटा बघून मी फोन लावला. कंपाउंडरनं उचलला. हाक मारली नाही. म्हणाला, बाई सोमवारी पहाटे गेल्या, झोपेतच, तुमचा नंबर आमच्याकडं लिहिलेला नव्हता. मी हूं म्हटलं. हातात प्लेट तशीच होती, खिडकीच्या उजेडात, स्वच्छ. मग त्यानं बिचाऱ्यानं सवयीनं विचारलं, काही निरोप होता काय?

"कोरं हाय म्हणून सांगा," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "सांगतो."